मागची तिमाही

रेक्याविक. सकाळचे दहा वाजले तरी
खिडकीत उजाडलेलं नाही.
स्टेनथोरनं दोन समीकरणं मांडलीत:
एकात मजुरी भावामागे धावते,
दुसऱ्यात भाव मजुरीमागे.
पाठशिवणीचा खेळ. राज्य कुणावर,
ते दर तीन महिन्यांनी बदलतं.

विद्यापीठातला संगणक रात्रीच मोकळा असतो,
म्हणून आठवडाभर जागून
त्यानं छिद्रांची कार्डं भरवली,
आणि गुणक आला: शून्य पूर्णांक एक्क्याण्णव.
भाव शंभरानं चढले की
पगार एक्क्याण्णवनं चढतो,
तोही मागच्या तिमाहीच्या हिशेबानं.
"छान बसतंय," मार्गदर्शक म्हणाले.
उरलेल्या नवाबद्दल कुणी बोललं नाही.

ईस्टरला तो घरी गेला, उत्तरेच्या खाडीवर.
आई, साल्वोर, मासळीच्या कारखान्यात
कॉडचे काटे काढते, एकवीस वर्षं.
जानेवारीत सरकारनं नोटांवरची दोन शून्यं उडवली.
"शून्यं गेली," ती म्हणते, "पण पिशवी काही जड झाली नाही."

जेवणं झाल्यावर त्यानं
पावाच्या कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या:
वरची भावाची, खालची पगाराची,
एका दाव्याला बांधल्यासारख्या चढत जाणाऱ्या.
आईनं चष्मा पुसला. तिच्या बोटांना
धुऊनही मीठ राहतंच.
"आणि ही मधली पांढरी जागा?"
"ती काही नाही. विलंब."
"किती दिवसांचा?"
"नव्वद. फार तर."

ती काही बोलली नाही.
उठून फडताळ उघडलं.
कॉफीचे अकरा डबे. साखर. साबण,
वर्षाला पुरेल एवढा.
खोक्यातून न काढलेली एक इस्त्री,
घरात एक असताना.
पगाराच्या दिवशी ती कारखान्यातून
थेट दुकानात जाते, गमबुटांतच.
संध्याकाळपर्यंत पैसा हातात ठेवायचा नाही,
तो हातातल्या हातात वितळतो,
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिनं एक डबा फोडला, आधण ठेवलं.
दोघं खिडकीशी बसून प्यायले.
बाहेर गोदीवर कुणीतरी
बर्फ खरवडत होतं, थांबत थांबत.

स्टेनथोरनं डबा उलटा करून पाहिला.
बुडाशी चिकटलेली चिठ्ठी:
सप्टेंबरचा भाव,
दोन शून्यांसकट.

तो घोट कुठल्या तिमाहीत धरायचा,
बराच वेळ त्याला ठरवता येईना.
"अजून घे," आई म्हणाली, "ही स्वस्तातली आहे."