दोन घनमीटर

येरेवानच्या या जुन्या इमारतींना पाच मजले,
लिफ्ट नाही.
पंचवीस तारीख उलटली की मी जिने चढते,
गळ्यात टॉर्च, काखेत वही.
खाली चौकातला पुलपुलाक रात्रंदिवस उसळतो,
येईल त्याला पाजतो, त्याला मीटर नाही.
माणसांना आहे.

मला घरं आकड्यांनी कळतात.
सात नंबरात चारचे नऊ झाले:
क्रास्नोदारहून मुलगी परत आली, बाळ घेऊन.
अकरा नंबरात नऊचे दोन झाले.
तिथे मी काही विचारलं नाही.
लिहिलं, आणि दार हळू ओढून घेतलं.

आरुस्याकबाई मात्र बिल नाचवत दारातच उभ्या:
"एकटी बाई, आणि एकवीस घनमीटर?
सेवान तलाव उशाशी घेऊन झोपते का मी?"
म्हटलं, बाई, कुठेतरी पाणी मुरतंय.
त्यांच्याच फ्रिजमधून तारखूनची बाटली काढली,
नातवासाठी आणलेलं ते हिरवंगार सरबत,
दोन घोट संडासाच्या टाकीत ओतलं
आणि दोघी कंबरेवर हात ठेवून
भांड्यात बघत उभ्या राहिलो.

दहा मिनिटं काहीच नाही.
मग पांढऱ्या चिनीमातीवरून
एक हिरवी रेघ उतरली.
महिनोन् महिने अशीच उतरत असणार,
फक्त तिला रंग नव्हता.
"टपटपली असती तर ऐकू तरी आलं असतं," बाई म्हणाल्या,
"ही तर माझ्या नवऱ्याच्या वळणावर गेली.
गुपचूप उधळणारी."
एका पावाच्या किमतीचा वायसर लागला.

चौथ्या मजल्यावर ह्मायाक आजोबा.
मीटर बसले त्या वर्षी जिन्याजिन्यात कुजबुज होती,
लोहचुंबक लावलं की चक्र झोपी जातं म्हणे.
लोकांनी जुने स्पीकर फोडले.
आजोबांनी फ्रिजवरचं काढलं:
बातुमीचं, ताडाचं झाड असलेलं, बिस्किटाएवढं.
माझी पावलं वाजली की आतून 'टक्' आवाज येतो.
मीटरवरच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन उरतो.

चोराच्या मनात चांदणं.
मी बसायच्या आत कॉफी उकळलेली,
बशीत जर्दाळूचा मुरंबा, चांदीचा चमचा,
आणि नजर माझ्याकडे सोडून सगळीकडे.

त्या चुंबकाने धड कॅलेंडरचं पानही पेललं नसतं.
चक्र आपलं मजेत फिरत होतं.
दर महिन्याला दोन, फक्त दोन,
कारण हा माणूस पेल्यात दाढी करतो,
द्राक्षं धुतलेलं पाणी जिरेनियमला घालतो,
आणि डोंगरातल्या झऱ्यावरून गाढवाच्या पाठीवर
पाणी आणणाऱ्या पोराच्या हाताने
अजून नळ बंद करतो:
घट्ट, आणि वर एकदा पुन्हा.

गेल्या शरदात त्यांनी काचेची बरणी पुढे सरकवली.
नोटा, नाणी, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या.
"तीन वर्षांची चोरी आहे. मोजून घे.
मरताना पाण्याचं ऋण नको."

मी खूप वेळ बरणीकडे बघत बसले.
मग सांगून टाकलं:
आजोबा, ते खेळणं आहे.
तुम्ही थेंबन् थेंबाचे पैसे भरलेत.

वाटलं होतं, सुटल्यासारखं हसतील.
ते रुसले.
"म्हणजे मी काहीच चोरलं नाही?"
असं विचारलं, जणू त्यांच्या तारुण्यातलं
एकुलतं एक धाडस मी खोडून टाकलं होतं.

पुढच्या महिन्यात 'टक्' वाजलं नाही.
कॉफी होती. मुरंबा नव्हता.
टॉर्च मारला, पुसला, पुन्हा मारला.
तीन.

आजोबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले,
"टब भरला होता. काठोकाठ.
पाणी गार होईपर्यंत आत बसलो."
कानांच्या पाळ्या लाल.
"एकदाच. पैसे आहेत बरणीत."

मी तीन लिहिलं.
अक्षर जरा चांगलं काढलं.