अठ्ठ्याऐंशी हजार टाके

पासोड्या विठोबापासून चार दुकानं पुढे
काउंटरवर मी दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडले.
रॅम तीच, स्क्रीन तीच, किमतीत फरक दोनशेचा,
वेगळी फक्त आतली नखाएवढी चकती.
एकावर निळं स्टिकर, एकावर केशरी.
मी पाठ केलेलं म्हणायला लागलो:
याला कोअर दहा, त्याला आठ,
हा चार पॉइंट सहापर्यंत जातो,
तो आपला तीन पॉइंट चारला...

नसीम आत्तार म्हणाल्या,
"जातो म्हणजे, किती वेळ जातो?"

तीन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पर्समधून त्यांनी पेनड्राइव्ह काढला,
ओळखीसाठी लाल रेशीम गुंडाळलेला.
आत एकच फाइल:
ढोलपथकाच्या कुर्त्यावर, पाठीवर बसणारा वाघ.
अठ्ठ्याऐंशी हजार टाके. मिशा वेगळ्या.
"घरच्या मशिनवर हा तयार होईतो
माझा कुकर होतो, भाजी होते.
दोघांवर एकदम लाव."

लावला.

निळा सुटलाच.
शेपूट, पाठ, पट्टे, पट्टे,
केशरी मागच्या पायाशी असताना
हा मानेवर.
लुंकडशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "बघा!"
चौथ्या मिनिटाला पंखा किंचाळायला लागला
आणि आकडा उतरला,
चार पॉइंट सहा, तीन पॉइंट आठ, तीन पॉइंट एक.
जबड्यापाशी वाघ रेंगाळला.
मी तापमानाची खिडकी हळूच खाली सरकवली.
त्यांनी बोट जिभेला लावलं, इस्त्री बघतात तसं
कळफलकाच्या वर टेकवलं, काढलं.
बोलल्या काही नाहीत.

तरी निळाच जिंकला. अकरा सेकंदांनी.
मी वहीत लिहीत होतो
तेवढ्यात लाइट गेली.

गुरुवार.
शेठ विसरले होते, मीही विसरलो होतो.
"बरं झालं," त्या म्हणाल्या,
"नाना पेठेतही गुरुवार येतो. पुन्हा लाव."

बॅटरीवर निळा वेगळाच कुणी होता.
एकेक पट्टा मोजून देत होता,
महिनाअखेरीला किराणा भरावा तसा.
सहा मिनिटांची तेरा झाली.
केशरीला मात्र
लाइट गेल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

ससा-कासव मनात आलं, मी ते हाकललं.
निळा काही झोपला नव्हता.
त्याला भिंतीतली पिन हवी होती, वारा हवा होता,
आणि खोक्यावर मोठा आकडा छापणाऱ्यांनी
ही हवी-नकोची यादी छापली नव्हती, एवढंच.

अंधारात मी म्हणालो, "मग केशरी बांधू?"

त्या हिशोब करत होत्या, बोटांच्या पेरांवर.
"पथकं सव्वीस. गणपतीला सहा आठवडे.
रोज दहा वेळा बदल सांगतात,
शेपूट वर घ्या, डोळे मोठे करा.
दर वेळी अकरा सेकंद, कमी नाहीत ते.
निळा दे.
गुरुवारी मी धागे कापते."

मग पर्समधून दोन रिकामी रिळं काढून
निळ्याच्या मागच्या कडेखाली सरकवली.
"पोटाला वारा लागू दे त्याच्या."
आणि दोनशे रुपये कमी केल्याशिवाय
खुर्चीवरून उठल्या नाहीत.

त्या रात्री वहीत मी एक रकाना वाढवला.
वर काय लिहावं सुचेना,
'गुरुवार' लिहिलं.

केशरीच्या डेस्कटॉपवरून फाइल पुसायची राहिली.
दुसऱ्या दिवशी सिंहगड कॉलेजचा एक मुलगा आला,
कोअर किती, गिगाहर्ट्झ किती, सगळं विचारून झालं,
मग स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला,
"हा वाघ याच्यासोबतच येतो का?"