खर्जात थोडी खरखर

गिटारवाला इऑन ॲबर्डीनला गेला, बायकोच्या नोकरीमागे,
आणि आमच्या गाण्यांच्या मधोमध
दात पडल्यावर राहते तशी जागा राहिली.
जीभ सारखी तिथंच जाते.

तूच भर ती, ड्रमच्या मागून ग्वेन म्हणाली.
मी, चार तारांची बाई,
आठवडाभर लोकांच्या कवळ्यांचे साचे ओतणारी,
शनिवारी शेफील्डचा चढ धापा टाकत चढले
आणि ऑसवर्थच्या दुकानात शिरले.

ओव्हरड्राइव्ह हवाय, म्हटलं. बाससाठी.
तळ न सोडणारा.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
जणू मी मागितलं होतं
लोणचं, पण खार नको.

पहिला हिरवा.
पाय दिला तर वरचे सूर तडतडले
मोहरीसारखे,
आणि खाली? खाली कुणीच नव्हतं.
सगळ्यात जाड तार वाजत होती,
ऐकू येत होतं तिचं नुसतं सालपट.

दुसरा काळा, देखणा, सहा बटणांचा,
एकशे एकोणनव्वद पौंड.
तो काहीच हरवत नव्हता.
इतका शहाणा, की चिखलात उतरतानाही
विजार दुमडून घ्यायचा.
अशी माणसं मला माहीत आहेत.
त्यांच्याशी संसार होतो,
भांडण होत नाही.

ड्राइव्ह कमी करून बघ, ऑसवर्थ म्हणाला.
मग म्हणाला, वाढवून बघ.
मग चहाचं आधण ठेवायला आत गेला.

तिसरा काउंटरच्या काचेखाली होता.
रंग उडालेला, एक बटण कुठल्याशा शेगडीचं,
आणि प्रत्येक बटणाच्या कडेला
पांढऱ्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका:
कुणीतरी स्वतःपुरतं ठरवून टाकलेलं.
क्रेन चालवायचा तो, आतून आवाज आला,
गुडघे गेले, मग हेही सोडलं.
नेलपॉलिश बायकोचं असणार.
किंवा त्याचंच, मला काय ठाऊक.

ऑसवर्थनं कप ठेवला, वायर जोडून दिली.
मी एकेक बटण ठिपक्याला नेऊन टेकवलं,
परक्याच्या चपलेत पाय सरकवावा तसं.
शेवटच्यावर लिहिलं होतं ब्लेंड.
त्याचं काम एवढंच:
खरखरीच्या खाली
चांगला आवाज किती राहू द्यायचा.

आणि खर्ज आला.
अंगठ्याएवढा जाड, जागेवरचा,
कडेनं थोडा फाटलेला.
मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर
सुताचा धागा केसभर सरकवत बसणारे सत्तारचाचा
आठवले खरे,
पण ते कान धरून म्हणाले असते:
पोरी, ही जवारी नव्हे, हा खोकला आहे.

बरोबर.
खोकलाच हवा होता मला.
रात्रपाळीहून परतलेल्या माणसाचा,
जिन्यात ऐकू येणारा,
दार उघडायच्या आधीच घरात कळवणारा
की आलो.

क्रेनवाल्याचा ब्लेंड बरोबर मध्यावर होता.
मी किंचित पुढे नेला.
त्यानं टनावारी लोखंड हवेत तोलून धरलं असेल;
इऑनची जागा काही तेवढी जड नाही.
तरी पण.

पंचेचाळीस पौंड मोजले, पावती घेतली नाही.
ट्रामच्या थांब्यावर पिशवीतून काढला,
उगाच, वजन बघायला,
उलटा केला तर पोटावर बारीक अक्षरात
अठरा व्होल्ट.
घरी माझ्याकडे नऊचा.

परत तोच चढ.
ऑसवर्थ शटर ओढत होता.
मला बघून थांबला नाही,
फक्त हात जरा हळू केला.
मी वाकले
आणि आत शिरले.