गळती

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
माझी खोली म्हणजे ऑसिलोस्कोप ठेवायचं जुनं कोठार,
दारावर आता पाटी आहे – करिअर मार्गदर्शन –
आत अजून तापलेल्या धुळीचा वास.

फॉर्मवर चौथा प्रश्न :
पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?
दर वर्षी कुणीतरी तोच विनोद करतं,
कुठे ते नक्की सांगितलं तर किती वेगात ते सांगता येणार नाही.
दर वर्षी मी हसते.
पगारात तेही धरलेलं असावं.

केर्टू आली तेव्हा फॉर्म कोरा.
टोपीवरचा बर्फ माझ्या टेबलावर वितळून
ओघळ नेमका त्या फॉर्मकडे निघाला.

डॉक्टरेट?
मार्क बेताचे.
बँक, विमा? आकडेमोड येते तुला, पैसे बरे देतात.
भाऊ तिथेच आहे. रविवारी जेवतानासुद्धा
फोन ताटाशेजारी पालथा घालून बसतो,
झाकलेल्या विंचवासारखा.
शाळा? वाल्गाला दोन वर्षं भौतिकशास्त्राला शिक्षक नाही.
ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली,
मला मुलांची भीती वाटते.

छापील प्रश्न संपले होते.
मी विचारलं, या वर्षी सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?

गळती शोधण्यात.

तळघरातल्या निर्वात भांड्याला कुठेतरी
डोळ्याला न दिसणारी फट होती.
पंप रात्रंदिवस हवा ओढायचा
आणि काटा एका आकड्याखाली उतरायचा नाही.
हेलियमची बारीक नळी घेऊन ती
एकेका जोडापाशी श्वास धरून उभी, अकरा दिवस.
प्राध्यापक म्हणाले, नाद सोड, नवं झाकण मागवू.
अकराव्या दिवशी सापडलं :
रबरी कड्यावर आडवा पडलेला एक केस.
तांबूस.
तिचाच.
सांगताना तिचे कान लाल झाले
आणि हात हवेत ते कडं धरून होते, मापासकट.

आमच्या विभागाच्या अहवालातही हाच शब्द आहे.
गळती : शेकडा एकोणचाळीस.
मध्येच गेलेले, किंवा पदवी घेऊन भलतीकडेच लागलेले,
जणू विभाग म्हणजे भांडं, आणि ती नुसती हवा.
त्या एकोणचाळिसांत मी आहे, जुन्या कुठल्यातरी वर्षाच्या रकान्यात.
न्यूट्रिनोंमागे तीन वर्षं, मग आईची शुश्रूषा,
मग ही खुर्ची.
निरोपाला सगळे म्हणाले, तुझ्या जाण्यानं पोकळी निर्माण होईल.
पोकळी करायला किती पंप लागतात हे त्यांना तरी ठाऊक असायला हवं होतं.
सोमवारी माझ्या जागी कुणाचा तरी कॉफीचा मग होता.

हे मी केर्टूला सांगितलं नाही.
चौथ्या प्रश्नापुढे पेन्सिलीनं लिहिलं : गळती शोधते.
मग तीन पत्ते. इस्पितळाचा किरणोपचार विभाग,
शीतगृहांची यंत्रं बसवणारे कुणी एक ऊर्मास,
आणि घराघरांत गरम पाणी पोचवणारी शहराची कंपनी.

हे भौतिकशास्त्र आहे का, तिनं विचारलं.
मला खरंच माहीत नव्हतं, आणि तसंच म्हणाले.
तिनं पत्ते घडी घालून हातमोज्यात सरकवले.
निघताना टेबल बाहीनं पुसून गेली.

पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी, उणे चौदा,
रात्री नदीकडून घरी येत होते.
रस्त्याच्या कडेला बर्फात एक काळी ओली पट्टी उमटलेली,
तिच्यात चक्क हिरवं गवत,
आणि नारिंगी जॅकेट घातलेलं कुणीतरी गुडघ्यांवर,
लोखंडी सळई जमिनीला टेकवून
तिच्या वरच्या टोकाला कान लावलेला.
खालून जाणाऱ्या नळाचं ऐकत होतं.

ती होती की दुसरं कुणी, कानटोपीमुळे कळेना.
हाक ओठांवर आली होती.
मी पलीकडच्या फुटपाथवर थांबले,
बूट वाजणार नाहीत असे पाय ठेवून.