चौकट

टोलेडो. जानेवारी. बसमधून उतरलो तेव्हा
बुटात बर्फाचं पाणी गेलं.
ओल दिसू नये म्हणून
पाय खुर्चीखाली ओढून बसलोय.

फॉर्म सोपा आहे.
नाव: वेरलन टिब्स. वय: सत्तेचाळीस.
येत असलेलं काम: सुतारी.
कुठे शिकलात?
'सरकारी कार्यशाळेत', असं लिहितो.
खोटं नाही ते.

मग सातव्या ओळीत ती येते,
करंगळीच्या नखाएवढी.
गुन्हा शाबीत झाला आहे का?
असल्यास चौकटीत खूण करा.

गणित बरोबर आलं की मिसेस ऑकली
हीच खूण करायच्या, लाल शाईनं,
आणि मी वही घेऊन घरापर्यंत पळत सुटायचो.

चौकटी मला कळतात हो.
नऊ वर्षं आत तेच केलं.
ओकचं लाकूड, गुण्या लावून काटकोन,
दोन्ही कर्ण मोजायचे, सुताचा फरक चालायचा नाही.
म्हातारा गिलरॉय सांगायचा,
उंची अशी की माणूस मान न वाकवता आत यावा,
रुंदी अशी की त्याची शवपेटी
कुठेही न घासता बाहेर जावी.

ही कुणी बेतली कोण जाणे.
पेनाचं टोक आत,
माणूस बाहेर.

एकदा कोरीच सोडली होती.
खिडक्यांच्या कारखान्यात अकरा दिवस टिकलो.
बाराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोरमन आला,
माझ्या डब्याकडे बघत म्हणाला,
"काम चांगलं आहे रे तुझं."
पुढचं बोलला नाही. सँडविच तेवढं संपवू दिलं.

हात टेबलाखाली जातो. सवय.
सांधा चाचपतो. घट्ट आहे.
कोपऱ्यात पटाशीच्या खाचा लागतात, तिरप्या. दोन.
दोन म्हणजे माझ्या.
तिसरी झिजली असेल तर मात्र लूथरच्या,
आणि लूथर आतच गेला, फुप्फुसानं.

कचेऱ्यांची टेबलं आमच्याकडूनच यायची.
ट्रक भरताना कुणी विचारलं नाही
कुणाच्या हातचं आहे.

"पेन चालतंय ना?" काउंटरवरची मुलगी विचारते.
चालतंय.
टेबलही डुगडुगत नाही.

खूण करतो. मिसेस ऑकलींसारखी,
शेपूट चौकटीबाहेर जाईल एवढी.

खाली खुलाशासाठी दोन ओळी सोडल्यात.
कागद उलटून बघतो,
मागची बाजू कोरी आहे का.