साक्षीदार क्रमांक दोन

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर
माझी सही आहे, डावीकडे, तळाशी.
आर. बी. तुळसकर, सीनियर मेकॅनिक, साकीनाका डेपो.
काय पाहिलं मी?
पोराला सही करताना पाहिलं.
वाचताना नाही पाहिलं.
अकरा पानं होती, आणि खाली व्हॅन हॉर्न देत होती.

प्रज्योत हुमणे, मुलुंडची आयटीआय.
पहिले चार दिवस एसी खोलीत,
पडद्यावर कुठल्यातरी थंड देशातली काचेची लिफ्ट,
दुपारी दोन समोसे आणि फ्रूटी.
पाचव्या दिवशी माझ्या हवाली केला.

मग वडाळ्याचे टॉवर, चेंबूरच्या एसआरए बिल्डिंगी,
गच्चीवरच्या मशीनरूममध्ये भट्टी लागलेली.
म्हटलं, ब्रेक बघू नको रे, ऐक.
टक् म्हणाला तर सोड,
टर्र म्हणाला तर कव्हर उघड.
म्हटलं, दोरावर चिंधी धर, बोट नको,
तुटकी तार असेल तर चिंधीला अडकू दे.
आणि केबिनच्या टपावर पाय टाकायच्या आधी
लाल बटण.
घरून बारशाचा फोन आला तरी
आधी लाल बटण.

लिफ्ट अर्धी भरली की मोटरला ओझंच नसतं,
पलीकडून तेवढंच लोखंड उतरत असतं,
हे त्याला फार आवडलं.
दोन दिवस ज्याला त्याला सांगत होता,
वॉचमनलासुद्धा.

तेराव्या महिन्यात गेला.
ठाण्याला, घराजवळ, नऊ हजार जास्त.
मी कारण विचारलं नाही.
नऊ हजार हेच कारण असतं.

मग त्याने नोटिशीचा फोटो पाठवला.
एकूण एक लाख चौऱ्याऐंशी हजार, पंधरा दिवसांत.
वर्ग. पुस्तिका. बूट.
(बूट त्याने परत दिले होते, मीच स्टोअरला जमा केले.)
आणि सहावी ओळ:
प्रत्यक्ष कामावरील मार्गदर्शन, आर. बी. तुळसकर,
शहाण्णव हजार.

बायकोला दाखवलं.
ती चष्मा वर करून म्हणाली,
मग पगारात कधी दिसले नाहीत ते?

ऑफिसात गेलो.
कोठावदे मॅडम हसल्या. वाईट नाहीत त्या.
अहो तुळसकर, ते नोशनल असतं.
रात्री लेकीला अर्थ विचारला.
म्हणजे धरून चालायचं, बाबा.
खरं नसतं, पण धरून चालायचं.

मला माझगावच्या वर्कशॉपात परेरा मास्तरांनी शिकवलं.
शिव्या, दोन-तीन थपडा, त्यांच्या डब्यातला अर्धा पाव.
अठ्ठ्याऐंशी साली त्यांना सोडून इथं लागलो
तेव्हा स्वतःचा फिलर गेज हातात ठेवला.
म्हणाले, परत आणून देऊ नको.
अजून वापरतो. एक पाती तुटली आहे.

प्रज्योतचा परवा फोन आला.
मला वाटलं चिडेल, मला दोन शब्द ऐकवेल.
म्हणाला, काका, जरा विचारून बघाल,
हप्ते पाडून देतील का?
मी बघतो म्हटलं.
साक्षीदार कुठल्या तोंडाने विचारणार, ते सांगितलं नाही.

आता नवी आली आहे. शबनम मुकादम.
बॉण्ड तीन वर्षांचा झालाय,
साक्षीदार म्हणून या वेळी दुसऱ्याला घेतलं.
काल घाटकोपरला, चौदावा मजला.
मी ठरवून गेलो होतो:
तोंड उघडायचं नाही.
बोललोच नाही तर बिल कशाचं लावतील?
अर्धा तास गप्प राहिलो, पाना दे, बॅटरी धर, एवढंच.

तिने दार उघडलं.
टपावर टाकायला पाय उचलला.

लाल बटण!
असा ओरडलो की तेराव्यावरचं कुत्रं
पाच मिनिटं भुंकत राहिलं.
ती भिंतीला टेकून उभी, माझे पाय लटपटतायत,
आणि मग सगळंच सांगत बसलो,
चिंधी, ब्रेक, पलीकडचं लोखंड,
जेवायची वेळ टळून गेली.

आता रोजच्या वहीत एक रकाना आहे,
मार्गदर्शन: वेळ, विषय, शिकाऊची सही.
तिने पेन पुढे केलं.
मी लिहिलं,
ऑइलिंग.