ग्रम्बल मोजत नाही

सप्टेंबरपासून माझ्या वर्गात कचऱ्याची एक गाडी राहते.
रात्री तिचा ड्रॅगन होतो, हे ठाऊक नसेल
तर तुम्ही चार वर्षांचे नाही,
आणि लानेलीत तर मुळीच राहत नाही.
नाव ग्रम्बल. गाडी असते तोवर ती, पंख फुटले की तो;
व्याकरणाची ही अडचण मुलांना नाही, मला आहे.
डब्यांवर ग्रम्बल, मोज्यांवर ग्रम्बल,
टेगनच्या डाव्या गालावर
दोन आंघोळींना पुरून उरलेलं
ग्रम्बलचं अर्धं शेपूट.

प्रॉसरबाई म्हणाल्या, हे खूळ दाराबाहेर ठेवा.
मी म्हटलं, ठेवते,
पण मग निम्मी मुलंही तिथेच थांबतील.

रविवारभर बसून बेत आखला.
खोक्यांच्या कचराकुंड्या, त्यांवर एक ते दहा आकडे,
आकड्याइतकेच आत बटाटे,
ग्रम्बलला भरवा आणि मोजा.
ह्यूने चिकटपट्टी कापून दिली. चहा दोनदा गार झाला.
स्वतःवर खूश होते मी.

सोमवारी ऑसियनने सात नंबरची कुंडी उचलली,
पालथी केली,
सगळे बटाटे एकदम ग्रम्बलच्या घशात.
"किती खाल्ले रे त्याने?" माझा आवाज मधात बुडवलेला.
दाताच्या डॉक्टरकडे बघतात तसं त्याने माझ्याकडे बघितलं.
"ग्रम्बल मोजत नाही," तो म्हणाला. "ग्रम्बल खातो."

पकडले गेले.
कडू गोळी गुळात लपवून द्यावी
आणि पोराने गूळ तेवढा चाटून
गोळी आपल्याच तळहातावर परत ठेवावी, तशी.

आकडे सोलून काढले. खोकी राहू दिली.
जमिनीवर बसले आणि खेळ कुठे जातो ते नुसतं पाहिलं.
गुडघे आता दुखतात, तेही पाहिलं.

येमानेच्या घरी टीव्ही नाही.
आई बिस्किटांच्या कारखान्यात रात्रपाळीला,
आणि तडकलेल्या काचेचा फोन
अस्माराशी बोलायला राखून ठेवलेला.
ग्रम्बल त्याने एकदाही पाहिला नव्हता.
तीन आठवडे तो कडेकडेने शिकला.
टेगन गुरगुरली की गुरगुरायचं,
पंख फुटले की जॅकेट उलटं घालायचं,
एक श्वास उशिरा,
कुणाला कळणार नाही इतकाच उशिरा.

गुरुवारी, खाडीवरचा वारा खिडक्या हलवत असताना,
बटाट्यांच्या ढिगात उभा राहून तो म्हणाला,
"आता ग्रम्बलची आई येते."

"ग्रम्बलला आई नाही," टेगन.
"गाण्यातसुद्धा नाही," ऑसियन.
"आहे. ती दुसऱ्या गावची गाडी आहे.
ती रात्री कामाला असते, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

वर्ग गप्प.
चाळीसच्या चाळीस भाग तोंडपाठ असलेली ती पंडितसभा
मनातल्या मनात एकेक भाग उलगडू लागली,
दिसली होती का कुठे,
मागच्या रस्त्याने, दिवे मंद करून?

मी तोंड उघडलं. मोजायला काय सुंदर जागा होती!
मिटलं.

शेवटी ऑसियननेच मोठं खोकं ओढत आणलं.
"हा आत्ता खायला," एक बटाटा.
"हा डब्यात, पहाटेसाठी," दुसरा.
आत्ता, पहाटे. आत्ता, पहाटे.
एक उरला, तेव्हा तो बराच वेळ
त्या एका बटाट्याकडे बघत राहिला,
मग तो त्याने येमानेच्या खिशात कोंबला.

प्रॉसरबाईंच्या तक्त्यात 'उद्दिष्ट' नावाचा रकाना आहे.
माझा अजून कोरा आहे, बटाट्याची माती सोडली तर.

तीनला येमानेची आई आली,
डोळ्यांत झोप, स्वेटरला आल्याच्या बिस्किटांचा वास.
दारातच तिला मोठी जांभई आली.
टेगन तिच्याकडे मान वर करून बघत राहिली,
आणि अदबीने, हळूच,
गुरगुरली.